चोवीस अंश कोणाचे?

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एक प्रस्ताव जाहीर केला. वातानुकूलन यंत्रांचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली नेता येऊ नये आणि २८ च्या वर चढवता येऊ नये, असा तो प्रस्ताव होता. ताऱ्यांचे मानांकन असलेले घरगुती यंत्र सुरू होताना २४ अंशांवरच असले पाहिजे, हा नियम त्याआधी १ जानेवारी २०२० पासून लागू झालेला होता. प्रस्तावावर बरीच चर्चा झाली. कोणाला २० अंश हवे होते, कोणाला २४ पुरेसे वाटत होते. मात्र माणसाला सुखावणारे तापमान कोणते, ते कोणी ठरवले आणि कोणाच्या शरीरावर मोजून ठरवले, हा मूळ प्रश्न त्या चर्चेत क्वचितच आला.

हा प्रश्न नवा नाही. स्वतंत्र भारतातील काही शास्त्रज्ञांनी तो सुमारे साठ वर्षांपूर्वी हाती घेतला होता. त्यांच्यापुढे यंत्राचा प्रश्न नव्हता, घराचा होता. खिडकी केवढी असावी, कोणत्या दिशेला असावी, जमिनीपासून किती उंचीवर असावी, आणि विजेवाचून खोलीत किती वारा व किती उजेड येऊ शकतो, एवढेच त्यांना शोधायचे होते. त्या शोधाचे एक महत्त्वाचे ठिकाण होते रुरकी.

रुरकीला अभियांत्रिकीची परंपरा जुनी. गंगेच्या कालव्याच्या निमित्ताने तेथे १८४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. बरोबर शंभर वर्षांनी, १९४७ मध्ये, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली त्याच गावी इमारत संशोधनाचे काम सुरू झाले आणि त्यातून केंद्रीय भवन अनुसंधान संस्था उभी राहिली. देशापुढे त्या वेळी निर्वासितांच्या वसाहती, कारखान्यांभोवतीची नवी नगरे, शाळा आणि दवाखाने बांधण्याचे काम होते. सिमेंट अपुरे होते, वीज त्याहून अपुरी.

पारंपरिक घरांना उन्हाळ्याशी वागण्याची रीत ठाऊक होती. राजस्थानातील हवेलीच्या जाड भिंती दुपारची उष्णता शोषून घेत आणि ती आत पोहोचेपर्यंत रात्र होई. केरळच्या नालुकेट्टूचे उतरते छप्पर आणि मधला चौक दमट हवेला वाट करून देत. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारा वारा बाष्पीभवनाने गार होई. पण हे शहाणपण नव्या वसाहतींना जसेच्या तसे लागू पडत नव्हते. लाखो कुटुंबांसाठी स्वस्तात बांधायच्या दोन खोल्यांच्या घराला दोन हात जाडीची भिंत परवडणारी नव्हती आणि चौकासाठी जागा नव्हती. पातळ भिंतीच्या, सपाट छपराच्या घराचे गणित नव्याने मांडणे भाग होते. त्यासाठी हाताशी असलेली पुस्तके इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेली होती आणि त्यांतील आकडे तिथल्या हवेत, तिथल्या उजेडात मोजलेले होते.

पहिला पेच आकाशाचाच होता.

खोलीत दिवसाचा उजेड किती येईल हे काढायचे तर खिडकीतून दिसणारे आकाश किती तेजस्वी आहे, हे आधी ठाऊक असावे लागते. युरोपात त्यासाठी ढगाळ आकाश प्रमाण मानले जाई. पॅरी मून आणि डोमिना स्पेन्सर या अमेरिकी संशोधकांनी १९४२ मध्ये त्याचे सूत्र मांडले आणि १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने ते स्वीकारले. या आकाशात सूर्य दिसत नाही. माथ्यावरचा भाग क्षितिजाच्या तिप्पट तेजस्वी असतो. अशा आकाशाखाली उजेड वरून येतो, म्हणून खिडकी उंच आणि मोठी हवी. ब्रिटिश पद्धतीत बाहेरचा उजेड ५००० लक्स धरून हिशेब केला जाई.

भारतातील बराचसा प्रदेश पावसाळा सोडून वर्षातील बहुतेक महिने निरभ्र आकाशाखाली असतो आणि निरभ्र आकाशाची रचना अगदी वेगळी असते. त्यात सूर्याच्या आसपासचा भाग सर्वांत तेजस्वी असतो आणि सूर्यापासून काटकोनात असलेला भाग सर्वांत मंद. शिवाय क्षितिजाजवळ प्रकाशाला वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो, तेथे त्याचे विकिरण अधिक होते. म्हणून सूर्यापासून दूर पाहिल्यास माथ्यापेक्षा क्षितिज उजळ दिसते. याचा अर्थ, येथे उजेड खोलीत आडवा शिरतो आणि आतपर्यंत पोहोचतो. अंगणातील मातीवरून व समोरच्या भिंतीवरून परावर्तित झालेला प्रकाशही मोठा वाटा उचलतो. ढगाळ आकाशाचे सूत्र येथे लावले, तर गरजेपेक्षा मोठी खिडकी हवी असे उत्तर येते. तिच्यातून उजेडाबरोबर उष्णताही येते.

रुरकीच्या संशोधकांनी भारतीय आकाशाच्या तेजाचा स्वतंत्र अभ्यास केला आणि त्यातून भारतीय मानकांसाठी एक ‘संकल्पनीय आकाश’ निश्चित झाले. ते निरभ्र आहे. त्यात सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर आहे, थेट ऊन हिशेबाबाहेर ठेवले आहे आणि बाहेरचा उजेड ८००० लक्स धरला आहे. सकाळ-संध्याकाळचा थोडा वेळ सोडला, तर निरभ्र दिवशी प्रत्यक्ष आकाश याहून अधिकच उजेड देते, म्हणून हा आकडा सावध आहे. दिवसाच्या उजेडाविषयीच्या भारतीय मानकाच्या १९७५ च्या आवृत्तीत हे आकाश आढळते. बाहेरच्या उजेडाचा एक टक्का खोलीत पोहोचला तर ब्रिटिश हिशेबाने तो ५० लक्स होतो आणि भारतीय हिशेबाने ८०. या फरकामुळे छज्जाखालची लहान खिडकी अनेक ठिकाणी पुरेशी ठरू शकते.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. खिडक्या वाढवत गेले की वाराही त्याच प्रमाणात वाढेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. घरांच्या प्रतिकृती वायुबोगद्यात ठेवून केलेल्या प्रयोगांनी ती खोडून काढली. सर्व खिडक्या-झरोक्यांचे मिळून क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या २० ते ३० टक्के असेल, तर खोलीतील वाऱ्याचा सरासरी वेग बाहेरच्या वेगाच्या सुमारे ३० टक्के होतो. त्यापुढे खिडक्या कितीही वाढवल्या तरी वेग त्या प्रमाणात वाढत नाही. अत्यंत अनुकूल स्थितीतही तो ४० टक्क्यांपलीकडे जात नाही. मोठ्या खिडकीपेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या महत्त्वाच्या, कारण वाऱ्याला येण्याइतकीच जाण्यालाही वाट लागते.

दिशेबाबतचा निष्कर्ष अधिक उपयोगी होता. घराचे तोंड वाऱ्याकडे अगदी काटकोनात असलेच पाहिजे असे नाही. ते ३० अंशांपर्यंत वळवले तरी वाऱ्याचा लाभ कमी होत नाही. वारा पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून येत असेल, तर घर ४५ अंश वळवून सकाळ-दुपारचे तिरपे ऊन टाळता येते आणि वाराही फारसा गमवावा लागत नाही. ऊन आणि वारा एकाच दिशेने येणाऱ्या प्रदेशांत ही सूट मोलाची आहे.

त्याच मार्गदर्शनात खिडकीच्या खालच्या कडेची उंचीही दिलेली आहे. माणसे खुर्चीवर बसत असतील तर ७५ सेंटिमीटर, खाटेवर बसत असतील तर ६० आणि जमिनीवर बसत असतील तर ४०. वारा छताखालून निघून गेला तर त्याचा उपयोग नसतो, तो अंगाला लागावा लागतो. म्हणून घरातील माणूस नेमका कोठे बसतो, हे येथे आधी पाहिले गेले. परदेशी पुस्तकात जमिनीवर बसणाऱ्यासाठी वेगळा आकडा असण्याचे कारणच नव्हते.

उष्ण हवा वर जाते आणि खालून गार हवा ओढली जाते, या तत्त्वाचीही मर्यादा भौतिकशास्त्र स्पष्ट दाखवते. ५ मीटर उंचीचा फरक आणि आत-बाहेर ५ अंशांचा फरक असेल, तर मिळणारा दाब जेमतेम १ पास्कल असतो. सेकंदाला २ मीटर वेगाच्या साध्या झुळकेचा दाब जवळजवळ अडीच पास्कल भरतो. म्हणजे वारा वाहत असताना तोच मुख्य. वारा पडला की मात्र उंचीचा हा लहानसा दाब कोंडलेली हवा हलती ठेवतो.

हेच तत्त्व वास्तुरचनाकारही आपल्या वाटेने आजमावत होते. चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ मध्ये अहमदाबादेत गुजरात गृहनिर्माण मंडळासाठी ‘ट्यूब हाउस’ बांधले. घर अरुंद आणि लांब. तापलेली हवा उतरत्या छताच्या आतल्या बाजूने वर चढून माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडे आणि दाराजवळच्या झडपांतून नवी हवा आत येई. आज ते घर उभे नाही. मुंबईत १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या उंच इमारतीत कोरियांपुढे पश्चिमेचा पेच होता. समुद्राचा वारा तिकडून, दुपारचे ऊन तिकडून आणि पावसाचा माराही तिकडूनच. त्यांनी घराच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीचे बागेसारखे सज्जे कोरले. जुन्या बंगल्याची ओसरी जे काम करी तेच त्यांनी उंचावर केले.

तिरुवनंतपुरममध्ये लॉरी बेकर यांनी विटांच्या जाळीचा आधार घेतला. बर्मिंगहॅममध्ये जन्मलेले बेकर १९४५ मध्ये भारतात आले आणि येथलेच झाले. १९७० च्या दशकात त्यांनी उभारलेल्या विकास अध्ययन केंद्राच्या भिंतींत विटा सोडून केलेली भोके दिसतात. तेथे खिडकी आणि भिंत हा भेदच बऱ्याच ठिकाणी मिटतो. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडण्याची पद्धतही त्यांनी रूढ केली. तिने विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णतेला अडवते.

जाळीविषयी एक समज मात्र तपासून घ्यावा लागतो. जयपूरच्या १७९९ मधील हवामहालापासून सर्व जाळ्यांबद्दल सांगितले जाते की बारीक छिद्रातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि म्हणून ती गार होते. अरुंद होत जाणाऱ्या बंद नळीत प्रवाहाला दुसरी वाट नसते, म्हणून तेथे वेग वाढतो. उघड्या भिंतीवर आदळणाऱ्या वाऱ्याला मात्र बाजूने आणि वरून निसटण्याची मोकळीक असते, त्यामुळे जाळी एकंदर प्रवाहाला अडथळाच करते. छिद्रात वेग थोडा वाढला तरी त्याने हवेचे तापमान जाणवण्याजोगे उतरत नाही. जाळीचे खरे काम वेगळे आहे. ती ऊन अडवते, डोळे दिपवणारा प्रकाश विखरून सौम्य करते आणि हे करतानाही हवा वाहती ठेवते. एकाच भिंतीने सावली, उजेड आणि वारा देणे हा गुण पुरेसा मोठा आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड होता, तो शरीराचा.

डेन्मार्कचे पॉल ओले फँगर यांनी १९७० मध्ये औष्णिक सुखाचे समीकरण पुस्तकरूपाने मांडले. शरीरात निर्माण होणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा हा तोल होता. हवेचे तापमान, आर्द्रता, वारा, सभोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, कपडे आणि हालचाल ही सहा परिमाणे घातली की लोकांना किती गरम वा गार वाटेल ते त्यातून निघते. भौतिकशास्त्र म्हणून हे काम पक्के होते. पण त्यामागचे प्रयोग नियंत्रित खोल्यांत, मुख्यतः अमेरिका व डेन्मार्कमधील तरुण विद्यार्थ्यांवर झाले होते. पुढे हेच समीकरण जगभर वातानुकूलनाची मोजपट्टी झाले आणि जगातील सर्व कार्यालयांना एकच अरुंद तापमानपट्टा योग्य ठरवला गेला.

त्याच सुमारास दुसरी वाट रुरकीहून जात होती. सी. जी. वेब या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या पाहणीत १९६० च्या दशकात रुरकी आणि बगदाद येथील लोकांच्या नोंदी जमल्या. लोक रोजच्या कपड्यांत, रोजच्या जागी, पंख्याखाली असताना त्यांना कसे वाटते हे त्यात विचारले होते. इंग्लंडमधील इमारत संशोधन केंद्रात फर्गस निकोल यांनी या नोंदींचे विश्लेषण केले, ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य मोजपट्टीने असह्य ठरावे अशा उष्णतेतही, अंगाला वारा लागत असेल तर, अनेकांना ठीक वाटत होते. निकोल आणि मायकेल हम्फ्रीज यांनी यातून एक साधा विचार मांडला: गैरसोय झाली की माणूस काहीतरी करतो. तो खिडकी उघडतो, सदरा सैल करतो, पंखा लावतो, जागा बदलतो. म्हणजे सुख ही माणूस, घर आणि ऋतू यांच्या परस्पर तडजोडीतून घडणारी गोष्ट आहे. हम्फ्रीज यांनी १९७८ मध्ये, वातानुकूलन नसलेल्या इमारतींसाठी, बाहेरचे सरासरी तापमान एका अंशाने वाढले की सुखद तापमान सुमारे ०.५३ अंशाने वर सरकते, असा संबंध दिला.

रुरकीतच एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी भारतीय व्यक्तींवर अभ्यास करून ‘उष्णकटिबंधीय उन्हाळा निर्देशांक’ तयार केला, तो १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सोपे रूप पाठ व्हावे इतके सुटसुटीत आहे. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीच्या आकड्याचा एक-तृतीयांश घ्यायचा. भिंती व छप्पर यांची उष्णताही टिपणाऱ्या काळ्या गोळ्यातील तापमापीच्या आकड्याचा तीन-चतुर्थांश त्यात मिळवायचा. त्यातून वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट वजा करायची. येणारा निर्देशांक २५ ते ३० च्या दरम्यान असेल तर भारतीय माणसाला सुखद वाटते आणि त्यातही २७.५ सर्वोत्तम.

या सूत्रातील वर्गमूळ लक्षात घेण्याजोगे आहे. सेकंदाला १ मीटर वेगाचा वारा उन्हाळा २ अंशांनी सौम्य करतो. वेग चौपट झाला तर लाभ चौपट होत नाही, फक्त दुप्पट होतो. म्हणजे कोंडलेल्या खोलीत आलेली पहिली झुळूक सर्वांत मोलाची असते. उदाहरणार्थ, ओला तापमापी २५ आणि काळा गोळा ३३ अंश दाखवत असेल, तर निर्देशांक ३३ येतो. १ मीटरचा वारा तो ३१ वर आणतो. छप्पर पांढरे रंगवून गोळ्याचा आकडा दोन अंशांनी उतरवला, तर तो ३० च्याही खाली, सुखाच्या पट्ट्यात येतो. यात वातानुकूलन यंत्राचा संबंध कोठेच नाही.

असे ज्ञान हाती असूनही १९९१ नंतरच्या शहरांत काचेच्या बंद इमारती वाढल्या. त्यांच्यासाठी २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत उन्हाळ्यात २३ ते २६ आणि हिवाळ्यात २१ ते २३ अंश, असे पट्टे होते. चेन्नई असो वा शिमला, आकडे तेच. ‘२४’ या आकड्याचे मूळ अशा पट्ट्यांच्या परंपरेत आहे. तो बंद इमारतीसाठी, यंत्राच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

अहमदाबादेतील सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासाने तो प्रश्न पुन्हा माणसाकडे नेला. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमला या पाच शहरांतील १६ कार्यालयीन इमारतींत ६३३० प्रतिसाद गोळा झाले. संयोगिता मनू, यश शुक्ल, राजन रावल, लीना थॉमस आणि रिचर्ड डी डिअर यांनी २०१६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींत सुखद तापमान काढण्यासाठी बाहेरच्या मागील ३० दिवसांच्या तापमानाच्या चल सरासरीला ०.५४ ने गुणायचे आणि १२.८३ मिळवायचे. ही सरासरी ३३ अंश असेल तर आत सुमारे ३०.७ अंशही सुखद वाटतात. २० असेल तर २३.६. हम्फ्रीज यांचे ०.५३ आणि येथले ०.५४ यांच्यामध्ये जवळजवळ चार दशकांचे अंतर आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत या प्रतिमानाचा समावेश झाला.

२०१८ च्या डिसेंबरमध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आली. उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे किमान प्रमाण तिने हवामानानुसार ठरवले. दमट-उष्ण प्रदेशात ते जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश आहे, कोरड्या-उष्ण प्रदेशात एक-दशांश. जेथे घामावरून वाहणारा वारा हाच आधार तेथे उघडे घर हवे आणि जेथे दुपारचा वाराच भाजतो तेथे दिवसा मिटून रात्री उघडणारे घर हवे, हे भान त्या दोन आकड्यांत आहे. मात्र ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे. पत्र्याच्या छपराखाली किंवा उघड्या स्लॅबखाली राहणारे कुटुंब तिच्या कक्षेत येत नाही. २०१९ च्या ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’नुसार त्या सुमारास सुमारे ८ टक्के घरांतच वातानुकूलन यंत्र होते. उरलेल्यांचा उन्हाळा यंत्राच्या बटणावर ठरत नव्हता. छप्पर, खिडकी आणि पंखा यांवर ठरत होता.

या विज्ञानाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. माणसाच्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून तापली की वारा शरीराला उष्णता देऊ लागतो आणि घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. हवा दमटही असेल तर तोही बंद होतो. अशा दिवसांत वृद्ध, आजारी आणि उन्हात राबणारी माणसे यांना यंत्राचा गारवा ही चैन राहत नाही, ती जगण्याची गरज होते. सिमेंटची शहरे रात्रीही निवत नसतील तर रात्री खिडक्या उघडण्याचा उपायही दुबळा पडतो.

आणखी एक धोका अर्थ लावण्यातला आहे. भारतीय माणसाला ३० अंशही सुखद वाटतात, या निष्कर्षाचे रूपांतर ‘त्यांना सवयच आहे’ या वाक्यात सहज होते. संशोधन तसे सांगत नाही. रुरकीतील माणसाला उष्णता सोसत होती, कारण त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्याने हवेला साजेसे कपडे घातले होते. अनुकूलनासाठी पर्याय लागतात: उघडणारी खिडकी, समोर हवेला वाट, चालू असलेली वीज, प्यायला पाणी, तापून न उठणारे छप्पर. हे पर्याय नसतील तर उरतो तो केवळ सोसण्याचा भाग आणि त्याला कोणत्याही समीकरणात सुख म्हटलेले नाही.

यंत्राच्या किमान तापमानावरचा वाद पुढेही चालेल आणि तो आवश्यकही आहे, कारण विजेची मागणी खरी आहे. पण सार्वजनिक पैशांतून बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक लहान घराच्या नकाशावर आधी विचारण्याजोगे प्रश्न अर्ध्या शतकापासून लेखी उपलब्ध आहेत. वाऱ्याला बाहेर पडायला वाट आहे का? पश्चिमेच्या भिंतीवर सावली आहे का? आणि घरातील माणसे जमिनीवर बसत असतील, तर खिडकीची खालची कड ४० सेंटिमीटरवर आहे का?